थ्री-नॉट-थ्रीचा करीना

वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे मराठेशाहींत वादी व प्रतिवादी ह्या दोघांनाहि गोताच्या मजलशीपुढें आपापला करीना मांडावा लागे. मूळ पुरुष कोण, वतन कोणाच्या हातून मिळालें, मध्यंतरीं तें कोणाकडे गेलें, कोणत्या धामधुमींत कागद जळाले, हें सर्व ओळीनें सांगावयाचें. आणि मजलशीनें साक्षी घेऊन, शिक्कामोर्तब पारखून खरें-खोटें निवडावयाचें, अशी ती रीत होती. आज मी ज्या वस्तूचा करीना आपणांपुढें मांडणार आहें, ती वस्तु कोणाचें वतन नव्हे. ती सरकारची मालमत्ता म्हणून जन्मली आणि बहुधा सरकारची मालमत्ता म्हणूनच निकालांत निघाली. तरीहि कृष्णा-वारणांच्या खोऱ्यांत अशीं किती तरी घरें आहेत, कीं ज्यांच्या आठवणींत तिचें स्थान वतनाहून कमी मानाचें नाहीं. ही वस्तु म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’; .३०३ इंच व्यासाची ली-एन्‌फील्ड रायफल.

ह्या एकाच हत्यारावर आमच्या सातारा-सांगलीच्या भागांत तीन प्रकारचे लोक हक्क सांगतात. फौजेंत नोकरी केलेल्यांचे वंशज म्हणतात कीं, ही आमच्या आजोबा-पणजोबांच्या खांद्यावरची रायफल. पोलीसखात्यांत हयात घालविलेलीं घराणीं म्हणतात कीं, हिनेंच आमच्या वडिलांनीं रात्रीचे पहारे केले. आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारांत ज्यांचे आप्त होते ते म्हणतात कीं, इंग्रजांच्या हातून हिसकावून घेतली ती हीच. तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें असूं शकतें. पण एखाद्या स्मारकांत, संग्रहांत किंवा शस्त्रागारांत प्रत्यक्ष एक रायफल समोर ठेवून ‘ही अमक्याची’ अशी पाटी लावावयाची वेळ येते, तेव्हां नुसत्या आठवणीवर भागत नाहीं. तेथें लोखंडाला विचारावें लागतें. लोखंड खोटें बोलत नाहीं. मात्र तें एका तोंडानें बोलत नाहीं. ह्या रायफलीचे अवयव बहुधा एका जन्माचे नसतात. नळी एका कारखान्याची, बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, लांकूड तिसऱ्या वेळीं बसविलेलें, अशी तिची काया असते; आणि म्हणूनच तिचा करीना वाचणें हें मोडी कागद वाचण्याइतकेंच जिकिरीचें काम आहे.

अवयवांची ही सरमिसळ ऐकून कोणी नाक मुरडूं नये. आमच्या मराठी शस्त्रपरंपरेला ती मुळींच नवी नाहीं. ‘फिरंग’ ह्या नांवाची सरळ, लांब तलवार आपण सर्वांनीं चित्रांत किंवा संग्रहांत पाहिली असेल. तिला फिरंग म्हणावयाचें कारण इतकेंच कीं, तिचें पातें फिरंग्यांच्या देशांतून समुद्रमार्गें आलेलें असे. मूठ मात्र येथल्या शिकलगारानें येथल्या पद्धतीनें, मनगटाला आधार देणारी अशी चढविलेली असे. पातें मोडलें तर मूठ नव्या पात्यावर जाई. मूठ झिजली तर पातें नव्या मुठींत बसे. हत्याराचा मान त्याच्या एकजिनसीपणावर नव्हता, त्याच्या कामावर होता. तीच गोष्ट ह्या रायफलीची आहे.

ही रायफल आमच्याकडे आली त्यापूर्वींची परिस्थिति दोन शब्दांत सांगितली पाहिजे. १८४८ मध्यें सातारचें राज्य कंपनीनें खालसा केलें. १८५७ मध्यें रंगो बापूजींच्या कटाचा सुगावा लागला आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत सातारच्या गेंडामाळावर अनेकांना देहान्त शिक्षा झाल्या. त्या बंडाच्या निमित्तास कारण झालेली एन्‌फील्डची ठासणीची रायफल सरकारनें एतद्देशीय पलटणींच्या हातीं पुन्हां दिली नाहीं. त्यांना पिळाशिवायच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यांत आल्या. तेव्हांपासून एक नियमच होऊन बसला, कीं गोऱ्या शिपायाला नवें हत्यार मिळावयाचें आणि त्याचें जुनें झालेलें काळ्या शिपायाकडे यावयाचें. १८८० च्या जुलईंत अफगाणिस्तानांतील मैवंद येथें जी लढाई झाली, तींत गोऱ्या पलटणीच्या हातीं मार्टिनी-हेन्री रायफल होती, तर तिच्या शेजारींच लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या पलटणी स्नायडर वापरीत होत्या. ही स्नायडर म्हणजे तरी काय? ठासणीच्या एन्‌फील्डचाच मागचा भाग कापून तेथें बिजागरीचें झांकण बसविलेली बंदूक. म्हणजे जोडकामाची परंपरा येथूनच सुरू होते. इकडे प्रजेच्या हातांतील हत्यारेंहि १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्याच्या बंधनांत गेलीं. शिपायाच्या हातीं जुनें हत्यार आणि रयतेच्या हातीं कांहींच नाहीं, अशी ती व्यवस्था होती.

.३०३ च्या रायफलीनें हें अंतर हळूहळू मिटविलें. पण तिची स्वतःची कुळकथा पाहूं गेल्यास, ती जन्मतःच मिश्र रक्ताची आहे. तिचा बोल्ट व काडतुसांची पेटी जेम्स पॅरिस ली ह्याच्या कल्पनेंतून निघाली. हा गृहस्थ १८३१ मध्यें स्कॉटलंडांत जन्मला, कॅनडांत वाढला आणि अमेरिकेंत कारागीर म्हणून नांवारूपास आला. १८८८ मध्यें प्रथम पत्करलेल्या रायफलीच्या नळींतील आटे विल्यम मेटफर्ड ह्या इंग्रज इंजिनियरच्या पद्धतीचे होते; म्हणून तिला ली-मेटफर्ड म्हणत. हा मेटफर्ड १८५७ च्या धामधुमींत आमच्याच देशांत मोंगीर येथें रेल्वेच्या कामावर होता, हा एक योगायोगच. त्याचे सात उथळ आटे काळ्या दारूला मानवत. परंतु नवी, धूर न करणारी कॉर्डाइट दारू इतकी उष्ण निघाली, कीं ते भराभर झिजूं लागले. तेव्हां एन्‌फीलडच्या कारखान्यानें पांच खोल आटे कोरले आणि १८९५ पासून रायफलीचें नांव ली-एन्‌फील्ड झालें. पुढें दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांनीं जर्मन माउझर रायफलींनीं इंग्रजांस जो धडा दिला, त्यावरून पांच पांच काडतुसांची पट्टी एकदम पेटींत दाबून भरण्याची सोय झाली, पायदळ व घोडदळ ह्या दोहोंसाठीं एकच आंखूड नमुना ठरला, आणि १९०७ मध्यें ‘मार्क तीन’ हा प्रसिद्ध नमुना निघाला. त्याची संगीन जपानी संगिनीवरून घेतली. अमेरिकेंत घडलेला मेंदू, इंग्लंडची नळी, जर्मनीकडून उचललेली युक्ति आणि जपानचें पातें, असा तो संसार होता. लांबी साडेचव्वेचाळीस इंच, वजन साधारण पावणेनऊ पौंड आणि पेटींत काडतुसें दहा.

ही रायफल आमच्या देशांतहि बनूं लागली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या कांठीं ईशापूर येथें कंपनी सरकारच्या काळापासून दारूचा कारखाना होता. त्याच ठिकाणीं १९०४ मध्यें रायफलींचा कारखाना स्थापन झाला. ह्याशिवाय इंग्लंडांत एन्‌फील्ड, बर्मिंगहॅम आणि लंडन येथें, व पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑस्ट्रेलियांत लिथगो येथें ती तयार होई. काडतुसें तर आमच्या पुण्याशेजारच्या खडकीसहि होत. तेथला कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या पितळी बुडावर ‘के’ आणि ‘एफ्’ हीं दोन इंग्रजी अक्षरें व साल दिसलें, कीं तें खडकीचें समजावें.

आतां शिक्कामोर्तब कसें वाचावयाचें तें पाहूं. बोल्टच्या मुठीखालीं, कुंदा जेथें पोलादी सांगाड्यास मिळतो तेथें, एक रुंद पोलादी कडें असतें. त्यावर राजमुकुट, राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें, कारखान्याचें नांव, साल आणि नमुन्याचा अंक हीं ओळीनें कोरलेलीं असतात. इंग्लंडांतील पंचम जॉर्जच्या रायफलीवर ‘जी. आर.’ दिसतें, ईशापूरच्या रायफलीवर त्यापुढें ‘आय.’ हें अक्षर येतें, कारण येथें तो नुसता राजा नसून बादशहाहि म्हणविला जाई. बाणाचें चिन्ह हें सरकारी मालकीचें; त्याच्याखालीं ‘आय’ असेल तर ती मालकी हिंदुस्थान सरकारची. स्वातंत्र्यानंतरच्या कामावर मुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह येतात. कुंद्याच्या उजव्या बाजूस कधीं कधीं पितळेची वाटोळी चकती असते. तींवर पलटणीची खूण व शस्त्राचा अनुक्रमांक ठोकलेला असे. युद्धाच्या घाईंत ही चकती पुढें गाळली गेली. म्हणून ज्या रायफलीवर ती शाबूत आहे, ती अभ्यासकाच्या दृष्टीनें भाग्यवान.

ह्या सर्वांहून महत्त्वाचा तो नंबर. कारखान्यांतून रायफल बाहेर पडतांना एकच नंबर सांगाड्यावर, नळीवर, बोल्टच्या मुठीच्या मुळाशीं, मागच्या नेमपट्टीवर, तोंडाकडील टोपणावर आणि पुढच्या लांकडावर ठोकीत असत. हा सोपस्कार हौसेचा नव्हता. नळीची मागची कड आणि बोल्टचें डोकें ह्यांमध्यें काडतुसाच्या बुडाच्या कडेसाठीं जी जागा राहते, ती .०६४ ते .०७४ इंच इतक्याच मर्यादेंत असावी लागते. ती वाढली तर बार उडतांच काडतुसाचें पितळ फाटून तप्त वायु शिपायाच्या तोंडावर येण्याचें भय. म्हणून एका रायफलीचा बोल्ट दुसरींत सहज घालावयाचा नाहीं, हा कडक दंडक होता. आणि दंडक पाळला जावा म्हणून नंबर. शंभर रायफली एकदम उघडून साफ केल्या, तरी ज्याचा त्याला परत मिळावा, हा त्यांतील हेतु.

असें असतां सरमिसळ होते कशी? कारणें अगदीं साधीं आहेत. हजारों बार काढल्यावर नळी झिजते, पण सांगाडा झिजत नाहीं. मग नळी तेवढी बदलतात. युद्धभूमीवरून मोडकीं हत्यारें गोळा होऊन दुरुस्तीच्या कारखान्यांत ढिगानें येतात. तेथें चार निकामी रायफलींतून दोन चांगल्या उभ्या करतात. ज्या बोल्टचा जुना नंबर नव्या सांगाड्याशीं जुळत नाहीं, त्यावर छिन्नीची आडवी रेघ मारून शेजारीं नवा नंबर ठोकतात, आणि मापाच्या गजानें ती जागा तपासून घेतात. विलायती अक्रोडाचें लांकूड आमच्या उन्हापावसांत तडकतें. म्हणून ईशापुरास पुढच्या लांकडांत एक आडवा स्क्रू घालून तें आवळण्याची चाल पडली. कांहीं रायफलींच्या पुढच्या भागावर तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेचे दाट वेढे दिसतात. ते शोभेचे नव्हत. तोंडाशीं पेला बसवून हातबॉम्ब फेंकण्याच्या कामीं जुन्या रायफली लावीत, त्या धक्क्यानें लांकूड फुटूं नये म्हणून ते वेढे. अशा प्रत्येक दुरुस्तीची खूण उरते. जुळलेले नंबर रायफल कमी वापरली गेल्याचें सांगतात. न जुळलेले नंबर तिनें काय काय सोसलें तें सांगतात.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें आणखी एक भेद ध्यानांत ठेवलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यानें पुष्कळशा .३०३ रायफलींचें रूपांतर .४१० व्यासाच्या मस्केटींत केलें. नळींतले आटे गेले, ती आंतून गुळगुळीत झाली. दहा काडतुसांची पेटी लांकडी ठोकळ्यानें बुजविली. एका वेळीं एकच काडतूस भरावयाचें. हें हत्यार पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी ह्यांच्यासाठीं होतें. लांब पल्ला नको, भराभर बार नकोत, आणि उद्यां हत्यार लोकांच्या हातीं पडलें तरी फौजेचें काडतूस त्यांत उपयोगीं पडूं नये, हा सरकारी हिशेब. बाहेरून पाहणाऱ्यास रायफल व मस्केट ह्या जुळ्या बहिणी वाटतात. त्यामुळें १९४२ च्या काळांत लोक ज्या ज्या सरकारी बंदुकीस ‘थ्री नॉट थ्री’ म्हणत, ती खरोखर रायफलच असेल असें नाहीं. नळींत प्रकाश धरून पाहावें. पांच आटे डावीकडे वळत गेलेले दिसले तर रायफल. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसली तर मस्केट.

एवढी पारख हातीं आल्यावर आपण आमच्या जिल्ह्यांतील तिन्ही हक्कदारांकडे वळूं. पहिला हक्क शिपायाचा. सातारा जिल्ह्यानें फौजेला किती माणसें पुरविलीं ह्याची साक्ष सातारजवळच्या अपशिंगे गांवीं आहे. ह्या एका गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले, आणि लोक आजहि त्या गांवास ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या; १०३ व ११० ह्या क्रमांकांच्या मराठा पलटणी कुत-अल्-अमाराच्या वेढ्यांत अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्यानें शरणागति पत्करली. त्या जवानांच्या हातीं .३०३ रायफली होत्या, ह्यांत शंका नाहीं. पण त्यांतली एखादी रायफल घरीं आली, हें मात्र संभवत नाहीं. जे शरण गेले त्यांचीं हत्यारें तेथेंच गेलीं. जे सुखरूप परतले त्यांनीं आपली रायफल शस्त्रागारांत जमा करून मगच पेन्शनचा कागद घेतला. इतकेंच नव्हे, तर एका युद्धांतहि शिपायाची रायफल एक राहत नसे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्य फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरांत उतरलें, तेव्हां त्यांनीं घरून नेलेल्या जुन्या नमुन्याच्या रायफली तेथेंच काढून घेऊन नव्या दिल्या, कारण नव्या दारूगोळ्यास जुन्या रायफली जुळत नव्हत्या. तेव्हां ‘आजोबांची रायफल’ ह्या शब्दांचा अर्थ ‘आजोबांच्या जातीची रायफल’ असा घ्यावा. तो अर्थहि कांहीं कमी मोलाचा नाहीं.

दुसरा व तिसरा हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत. १९४२ च्या सप्टेंबरांत जुन्या सातारा जिल्ह्यांत कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. आजचा सांगली जिल्हा त्या वेळीं बराचसा सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. १९४९ मध्यें दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. हातांत झेंडा असतांना परशुराम घार्गे पडले. त्या दिवशीं एकूण नऊ जणांनीं देह ठेविला. दुसऱ्याच दिवशीं इस्लामपुरास गोळीबार झाला. ज्यांच्या हातीं बंदुका होत्या ते शिपाईहि बहुतेक ह्याच मातीचे, कुणब्याचींच मुलें. आणि ज्यांच्या छातीवर त्या रोंखल्या गेल्या तींहि कुणब्याचींच मुलें. हत्याराचा इतिहास सांगतांना ही गोष्ट वगळून चालणार नाहीं.

ह्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार उभें राहिलें आणि कुंडलच्या बाजूस तुफान सेना घडली. आरंभीं ह्या मंडळींजवळ हत्यारें होतीं तरी कोणतीं? ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी तुफान सेनेनें अडविली, तेव्हां बहुतेकांच्या हातीं काठ्या-कोयते आणि थोडे गांवठी बॉम्ब एवढाच सरंजाम होता. १८७८ च्या कायद्यानें ज्या समाजाला निःशस्त्र केलें, त्यानें बंदूक आणावी कोठून? जेथें ती होती तेथून, म्हणजे सरकारकडूनच. २४ जुलै १९४३ रोजीं सांगलीच्या किल्ल्यांतील तुरुंग फोडून वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती निसटले, ते पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून घेऊनच. तटावरून उड्या टाकून ते कृष्णेच्या बाजूस धांवले. पाठलागांत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोघे ठार झाले आणि वसंतदादांना गोळी लागली. पुढें ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, हें आपण जाणतांच. त्याच वर्षीं भवानीनगरच्या पोलीसठाण्यासमोर निराळेंच नाटक झालें. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई ह्या नवऱ्याच्या हातचा मार खाणाऱ्या बाईचें सोंग घेऊन भर रस्त्यांत आक्रोश करूं लागल्या. तंटा सोडविण्यासाठीं पोलीस बाहेर आले. तेवढ्यांत सोबत्यांनीं आंतल्या बंदुका व काडतुसें उचलून नेलीं. हौसाताई २०२१ पर्यंत हयात होत्या आणि ही हकीगत त्या स्वतः सांगत.

येथें आणखी एक धागा येऊन मिळतो. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पथकास शस्त्रशिक्षण देण्यासाठीं आझाद हिंद सेनेंतील जवान वाळव्याकडे आले. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडल्यावर इंग्रजांचीं जीं हत्यारें जपान्यांच्या हातीं लागलीं, त्यांवरच आझाद हिंद सेना सज्ज झाली होती. म्हणजे त्या जवानांनाहि हीच रायफल परिचयाची. २५ फेब्रुवारी १९४६ रोजीं शिराळ्याच्या डोंगरी भागांत मणदूरजवळ पोलिसांशीं चकमक झाली. तींत वाळव्याचे किसन अहीर आणि पंजाबचे नानकसिंग हे दोघे धारातीर्थीं पडले. फौज, पोलीस, भूमिगत आणि आझाद हिंद सेना ह्या चौघांचे हात ज्या एका हत्याराला लागले, त्याला कोणत्या एका पक्षाचें म्हणावें?

आतां मजलस भरवूं. समजा, आपणांपुढें एक रायफल आहे. सांगाड्यावर एन्‌फील्ड, १९१६, ‘मार्क तीन’ व त्यापुढें तारका; नळीवर ईशापूर, १९४२; बोल्टवरचा जुना नंबर रेघ मारून बाद केलेला आणि शेजारीं सांगाड्याचा नंबर नव्यानें ठोकलेला; टोपणावर तिसराच नंबर; आणि पितळी चकती नाहीं. पाटीवर लिहिलें आहे, ‘कुतच्या वेढ्यांत वापरलेली’. ही पाटी नाशाबीत. कुतचा वेढा १९१५ च्या डिसेंबरांत सुरू झाला, तेव्हां हा सांगाडा घडलाहि नव्हता. आणि वेढा पडल्यावर आंत नवीं हत्यारें पोंचण्यास मार्ग नव्हता. दुसरी पाटी म्हणते, ‘पहिल्या महायुद्धांतील’. सांगाड्यापुरती ही संभवनीय. पण पुरावा हवा असेल तर चकती किंवा नोंदवही दाखवा. तिसरी पाटी म्हणते, ‘१९३० च्या सत्याग्रहांत हिच्यांतून गोळी सुटली’. ती गोळी ह्या नळींतून सुटलेली नव्हे, कारण ही नळी १९४२ ची. चौथी म्हणते, ‘प्रतिसरकारनें वापरलेली’. काळ जुळतो, पण काळ जुळणें म्हणजे शाबीत होणें नव्हे. येथें पोलिसांची नोंदवही कामास येते. रायफल हरवली कीं तिचा नंबर नोंदणें ठाण्याला भाग असे. तो नंबर ह्या सांगाड्यावरच्या नंबराशीं जुळला, तर वाद मिटला. परक्या राजवटीनें आपली मालमत्ता परत हस्तगत करतां यावी म्हणून जो नंबर ठोकला, तोच आज तिच्याविरुद्ध लढलेल्यांचा साक्षीदार होतो. आणि नंबर कानशीनें घासून काढलेला दिसला, तर तीहि एक साक्षच: केव्हां तरी कोणाच्या तरी हातीं ही चोरून होती.

स्वातंत्र्यानंतरहि हिचें आयुष्य संपलें नाहीं. १९६२ च्या चीनयुद्धांत आमचे जवान हीच घेऊन हिमालयांत लढले. त्यानंतर ईशापुरानें ह्याच बांध्यावर, अधिक कणखर पोलादाची, ७.६२ मिलिमीटर व्यासाची रायफल काढली. फौजेंतून निघालेल्या जुन्या .३०३ पोलिसांकडे गेल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हां तेथील कांहीं शिपायांच्या हातीं त्याच होत्या. ज्यांच्यांतून बार काढणें धोक्याचें झालें, त्यांच्या नळीस भोंक पाडून, ‘डी. पी.’ हीं अक्षरें ठोकून, त्यांना कवायतीकडे लावलें; आणि शाळा-कॉलेजांतील हजारों मुलांनीं खांद्यावर घेतलेली पहिली बंदूक ती हीच. गोऱ्याची जुनी रायफल काळ्या शिपायाकडे, फौजेची जुनी पोलिसांकडे आणि पोलिसांच्याहि उपयोगाची न राहिलेली मुलांकडे, अशी ती पायरी पायरीनें उतरत आली.

ह्या भागांत इतिहासाचे कागद जपण्याची परंपरा मोठी आहे. वाईस इतिहासाचार्य राजवाडे यांनीं दप्तरें धुंडाळलीं, सातारा येथें पारसनीस यांनीं संग्रहालय उभें केलें, मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून लेखसंग्रह सिद्ध केला. त्यांनीं आम्हांला एक शिस्त शिकविली: कागद जसा सांपडला तसा छापावा, फाटका असेल तर फाटका म्हणावा, मागाहून कोणी घातलेली ओळ असेल तर ती तशी दाखवावी, पण आपल्या आवडीची ओळ त्यांत घालूं नये. हत्यारांच्या बाबतींत ती शिस्त आम्हीं अजून पुरती लावून घेतलेली नाहीं. स्मारकांतली रायफल नीटनेटकी दिसावी म्हणून तिचें जुनें लांकूड काढून नवें बसविणें, गंजाबरोबर शिक्केहि जातील इतकी ती घासणें, वार्निश व रंग चढविणें, जुळत नाहीं म्हणून बोल्ट बदलणें, हे प्रकार चांगल्या हेतूनें होतात. आणि त्यांनीं कागद फाडल्याइतकेंच नुकसान होतें.

तेव्हां ज्या संस्थांच्या ताब्यांत कायदेशीर रीत्या अशीं निकामी केलेलीं हत्यारें आहेत, त्यांनीं इतकेंच करावें. प्रत्येक अवयवावरचा प्रत्येक अंक, अक्षर व खूण, बाद केलेले अंकहि सोडूं नयेत, अशा रीतीनें उतरून घ्यावी व तिचें छायाचित्र काढावें. नळींत पाहून रायफल कीं मस्केट तें नोंदवावें. हत्यार कोणाकडून, केव्हां आलें आणि देणाऱ्यानें काय सांगितलें, तें त्याच्याच शब्दांत, लोखंडाच्या साक्षीपासून निराळें लिहावें. पाटीवर शाबीत तेवढें ‘शाबीत’ म्हणून आणि सांगोवांगी तेवढें ‘असें सांगतात’ म्हणून द्यावें. ज्यांच्या अंगावर ह्या बंदुका चालल्या आणि ज्यांनीं त्या जिवावर उदार होऊन हिसकावून घेतल्या, त्यांच्या पराक्रमाला खोट्या पाटीचा टेंकू लागत नाहीं. वडूजचा झेंडा, सांगलीचा तट, भवानीनगरचा रस्ता हीं सर्व खरीं आहेत. त्यांच्या शेजारीं ठेवलेली वस्तुहि तितकीच खरी असावी, एवढीच मजलशीची मागणी आहे.